भाकरी थापणाऱ्याचे नाव

प्रारंभीच नमूद करतो की, त्यांच्याविरुद्ध मी लिहिलेल्या तक्रार अर्जातले एकही विधान खोटे नव्हते. अर्ज तीन पानी होता, मुद्दे क्रमवार होते, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि बिलाची छायाप्रत जोडली होती, आणि त्याची पोच आजही माझ्या संग्रही आहे. तालुका न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी करून मी सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून वीज, रस्ते, टपाल, बसथांबा, रेशन या विषयांवर मी निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहीत आलो आहे. बहुतेकांचे उत्तर एकच येते: आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे. ते कोठे वर्ग होते, त्या वर्गात कोण बसतो, याचा शोध मला अद्याप लागलेला नाही. ज्या एका अर्जावर आठ दिवसांत कार्यवाही झाली तो नेमका हा होता. शासनाने माझे ऐकावे असे मला जन्मभर वाटत होते. त्याने ऐकण्यासाठी हीच वेळ निवडली.

ते गृहस्थ घाटनांदूरच्या बाजारपेठेत औषधाचे दुकान चालवीत. आता चालवीत नाहीत. दुकान विकून ते परभणीला मुलीकडे राहायला गेले. पाटीवर दुकानाला कुलदैवताचे नाव होते, पण ते कोणी घेत नसे. सगळे ‘भाकरीवाल्याचं मेडिकल’ म्हणत. बाहेरगावचा माणूस पत्ता विचारताना गोंधळून जाई आणि हॉटेल शोधू लागे. अंगाने उंच, मानेत वाकलेले, पांढरा अ‍ॅप्रन रोज धुतलेला, खिशाला दोन पेने: एक निळे, एक तांबडे. कोणी ‘डॉक्टर’ म्हटले तर लगेच थांबवीत. “मी डॉक्टर न्हाई. डॉक्टर लिहितात, मी विचारतो.”

आणि ते विचारीत. एवढे विचारीत, की लोक वैतागून जात. तापाची, खोकल्याची गोळी ते कोणालाही मुकाट्याने देत. साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी मात्र, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसाला, उभ्याउभ्या मिळत नसे. काउंटरच्या अलीकडे एक लाकडी स्टूल होते, त्यावर बसावे लागे. मागे पाच गिऱ्हाइके खोळंबली तरी त्यांना पर्वा नसे. काउंटरवर काचेच्या बरणीत साखर भरलेली असे आणि बरणीवर चिठ्ठी: ‘हे औषध आहे. चहासाठी मिळणार नाही.’

एकदा मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो असता पुढे एक आजीबाई बसल्या होत्या. संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण तो माझ्या समक्ष झाला.

“माय, सकाळी काय खाल्लं?”

“च्या पेले. त्यात टोस बुडवला.”

“भाकरी कवा?”

“दुपारी. सून रानातून आल्यावर.”

“आन् गोळी?”

“तोंड धुतल्याबरुबर. सकाळी घ्यायची म्हणूनच सांगितलंय की डाक्टरनं.”

“सकाळी म्हंजे घड्याळातली सकाळ न्हाई, माय. भाकरी पुढ्यात आली की गोळी. गोळीला पोट दिसत न्हाई. पोटात काही नसलं तरी ती तिचं काम करती. बरं, चतुर्थीला काय करता?”

“चतुर्थीला निरंकार. पर गोळी चुकवत न्हाई मी! गोळी चालती ना उपासाला?”

“गोळी चालती. तुमी चालणार न्हाई.”

मागची माणसे हसली. ते हसले नाहीत. तांबड्या पेनाने पाकिटावर त्यांनी एक मोठे वर्तुळ काढले, त्यात आडव्या दोन रेघा मारल्या. ही भाकरी. तिच्यापुढे छोटा ठिपका. ही गोळी. वर्तुळाशिवाय ठिपका नाही. मग म्हणाले, “उपास करायचा तर आदल्या दिवशी इथं या. मी डॉक्टरला फोन लावतो, त्या दिवशी काय करायचं ते सांगतील. मनानं घ्यायची न्हाई आन् मनानं सोडायची बी न्हाई.”

यानंतर साखर एकदम उतरल्याची लक्षणे बोटांवर मोजून म्हणवून घेण्याचा कार्यक्रम. घाम, थरथर, भूक, चिडचिड, बडबड. यातले एक जरी आले तरी तीन चमचे साखर पाण्यात, घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबणे, बरे न वाटल्यास पुन्हा साखर, आणि बरे वाटल्यावर भाकरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, गाडी बोलवायची. पेढा नको, चॉकलेट नको, नुसती साखर. आजीबाईंना ‘चिडचिड’ काही केल्या आठवेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. आजींना लगेच आठवले.

“भाऊसाहेब,” माझी गोळी कागदात गुंडाळताना ते मला म्हणाले, “तुमाला साखर न्हाई हे लई बरं हाय. तुमची चिडचिड कशानं हाय ते कुणालाच कळलं नसतं.”

मी त्यांना त्याच क्षणी सांगितले की, ग्राहकाशी या भाषेत बोलण्याचा त्यांना अधिकार नाही. त्यांनी मान डोलावली. अधिकार नसल्याचे त्यांना नेहमी मान्य असे. त्यांच्याशी भांडण्यात हीच अडचण होती.

त्यांच्या नोंदवहीबाबतही हेच घडले. कायद्याने ठेवायच्या वह्या ते ठेवीतच. ही आणखी एक. लांबलचक, कापडी पुठ्ठ्याची. तीत रकाने होते: नाव, वय, वस्ती, गोळी, दिसते का, आणि शेवटी ‘भाकरी थापणाऱ्याचे नाव’. कोणाच्या पुढे सून, कोणाच्या पुढे बायको, कोणाच्या पुढे शेजारीण. निळ्या शाईत. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, की वस्त्यांवर म्हातारी माणसे, लहान मुले आणि कुत्री तेवढी उरतात. जोडप्याने तोडणीला जायचे म्हणजे मुलाबरोबर सूनही जाते. मग शेवटच्या रकान्यातली निम्मी नावे ते तांबड्या रेघेने खोडीत आणि नवी भरीत. जिथे नवे नाव मिळत नसे, तिथे जागा कोरी ठेवून बाजूला एक फुली करीत आणि त्या फुलीवर डॉक्टरांना फोन लावीत.

“साहेब, त्या तळ्याकडच्या वस्तीवरची म्हातारी आता एकदाच जेवती. गोळी दोनदाची हाय.”

डॉक्टर तालुक्याला बसत, पेशंटांनी वेढलेले असत, आणि दिवसातून चार वेळा असा फोन आला तर कोणाही सज्जन माणसाचा आवाज चढेल. वहीत मी स्वतः वाचलेली एक नोंद अशी: ‘डॉक्टर रागावले. गोळी अर्धी केली.’ त्यांना या वाक्याच्या दोन्ही भागांचे सारखेच समाधान होते.

मी त्यांना विचारले होते, लोकांच्या घरची ही खाजगी माहिती तुम्ही कोणत्या अधिकारात गोळा करता?

“अधिकार न्हाई, भाऊसाहेब. रकाना हाय.”

त्यांच्या या नादाचे कारण गावाने आपल्यापरीने शोधून ठेवले होते. त्यांची आई अशीच साखर उतरून गेली असणार, असे सर्वजण खात्रीने सांगत. पारावर तर तिच्या मृत्यूचा तपशीलही तयार होता. मी सरळ त्यांनाच विचारले. ते चिडल्याचे मी पाहिले ते तेवढ्या एकाच वेळी. “आई घरी हाय माझी. साखर न्हाई, दात बी हायेत. मला नीट काम कराय घरचं कुणी मराय पाहिजे का?”

आता अर्जाकडे येतो.

डॉक्टर तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून देत. बाहेरगावी जाणारे कुटुंब घरच्या म्हाताऱ्यासाठी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेई. हे गृहस्थ बिल पूर्ण तीन महिन्यांचे करीत, पण हातात पंधराच दिवसांच्या गोळ्या देत. उरलेल्या एका लिफाफ्यात घालून, वर नाव लिहून, आतल्या कपाटात ठेवीत. पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याने स्वतः यावे, स्टुलावर बसावे, प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि पुढच्या घेऊन जाव्यात. त्यांच्या मते यात कोणाचेही नुकसान नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा विकलेला माल विक्रेत्याने स्वतःकडे अडवून ठेवण्याचा प्रकार होता. माझे मत विचाराल, तर आजही तेच आहे.

एका सकाळी एक ऊसतोड कामगार माझ्या ओसरीवर आला. तिशीचा, धडधाकट, संतापलेला. टोळी निघायला दहा-बारा दिवस होते. वडील सत्तरीच्या पुढचे, वस्तीवर एकटे राहणार होते.

“भाऊसाहेब, अर्ज लिहा. कडक लिहा.”

“हकीकत सांगा.”

“बिल झालंय. माल माझा हाय. कावून अडवतो हा माणूस? आमी पाच महिने कारखान्यावर. बापानं दर पंधरा दिवसाला दोन कोस चालत यायचं का, ह्याच्या तोंडाकडं बघाय? गुडघे गेलेत त्याचे.”

“उरलेल्या गोळ्या देणारच नाही, असे ते म्हणतात का?”

“देतो म्हणतो. म्हातारा समोर बसला की देतो म्हणतो. म्हातारा काय शाळेत हाय का?”

प्रकरण सरळ होते. दोन कोस अंतर होते, गुडघे खरोखर गेले होते, आणि मालकी निर्विवाद होती. मी अर्ज लिहिला. रजिस्टर पोस्टाने पाठवला, ई-मेलनेही पाठवला. मला माझ्या लेखनाचे समाधान वाटले हे लपवीत नाही.

आठव्या दिवशी औषध निरीक्षक आले. कपाट उघडले. ऐंशीच्या वर लिफाफे निघाले, प्रत्येकावर नाव, वस्ती आणि ते वर्तुळ. निरीक्षकांनी पंचनामा केला, चौकशी पुढे चालेल असे सांगितले, आणि ज्याचा माल त्याला तत्काळ परत करण्याची लेखी सूचना दिली. निरीक्षकांचे वर्तन सर्वथा नियमानुसार होते.

मुलगा गोळ्या न्यायला आला तेव्हा साक्षीदार म्हणून मी हजर होतो. त्यांनी लिफाफा दिला, सही घेतली.

“वस्तीवर भाकरी कोण थापणार?”

“चुलत भावजय हाय. बोललोय तिला.”

त्यांनी वहीत लिहून घेतले. “बापाला फोन कवा लावतोस?”

“रोज सांजच्याला.”

“काय विचारतोस?”

“गोळी घेतली का म्हणून. दुसरं काय इचारणार?”

“आधी भाकरीचं विचार. खाल्ली न्हाई म्हणले, तर गोळी घेऊ नका म्हण आन् तसाच मला फोन लाव.”

“बास झालं काका. गोळ्या दिल्या न्हवं? भाषण नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे.” हे वाक्य मी उच्चारले हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्याची नोंद अन्यत्र कोठेही नाही.

टोळी गेली. महिना-सव्वा महिना गेला. मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, त्यांनी दुकानाचे शटर ओढले आणि मोटरसायकल घेऊन माझ्या दारात आले. त्या वस्तीवरची एक बाई खोकल्याचे औषध घ्यायला आली होती. तिच्या बोलण्यातून कळले की, ती चुलत भावजयही मागाहून निघालेल्या दुसऱ्या टोळीबरोबर गेली होती. त्याला पंधरा दिवस झाले होते.

“भाऊसाहेब, बसा मागं. तुमच्या अर्जातला म्हातारा बघून येऊ.”

मी बसलो. त्यांच्या अंदाजावर माझा विश्वास होता म्हणून नव्हे. अर्जदाराचे वडील सुखरूप असून त्यांना औषध वेळेवर मिळत आहे, हे प्रत्यक्ष पाहून तसे टिपण चौकशीत देण्याचा माझा हेतू होता.

वस्तीवरच्या मारुतीच्या ओट्यावर तिघेजण पत्ते खेळत होते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून तो म्हातारा बसला होता. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, मान कललेली. समोर बैल असल्यासारखा तो कोणाला तरी हाकलत होता आणि पुटपुटत होता.

“सकाळपासून टाकलीया म्हाताऱ्यानं,” एकजण पान टाकत म्हणाला. “पोरगं गेलं की मोकाट. पडू द्या, उतरंल.”

“कधी पितो का हा?” त्यांनी विचारले.

तिघांपैकी कोणीच त्याला कधी पिताना पाहिले नव्हते.

त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडाचा वास घेतला, बोटाला टोचून बरोबर आणलेल्या साखर मोजायच्या मशीनवर थेंब धरला आणि आकडा मला दाखवला. तो चाळीसच्या खाली होता; सत्तरच्या खाली गेला की धोका असतो. नाव घेऊन हाक मारल्यावर म्हातारा वळून पाहत होता, घोट गिळू शकत होता. तेवढी खात्री करून त्यांनी खिशातल्या पुडीतली साखर पाण्यात ढवळली आणि चमच्याचमच्याने पाजली. मग मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले. “पंधरा मिनिटं. मधी बोलू नका.”

पंधरा मिनिटे हा कालावधी न्यायालयात मी कधी मोजला नव्हता. तिथे तारीख मोजतात. त्या ओट्यावर मात्र मी सेकंदकाट्याकडे पाहत उभा होतो. पत्ते खाली पडले होते. दुसऱ्यांदा साखर द्यावी लागली. त्यानंतर हळूहळू म्हाताऱ्याच्या डोळ्यांत माणसे ओळखण्याइतका प्रकाश आला. त्याने त्यांचा अ‍ॅप्रन पाहिला आणि हात जोडले.

“काका, पोराला सांगू नका,” तो म्हणाला. “मी गोळी चुकवली न्हाई. येक बी चुकवली न्हाई.”

“ठावं हाय मला. जेवला कवा?”

म्हातारा आठवून आठवून सांगू लागला. काल सकाळी शेजारणीने दिलेली अर्धी भाकरी चहात कुस्करून खाल्ली होती. संध्याकाळी काही नाही. सकाळी काही नाही. गोळी मात्र दोन्ही वेळा, मुलाला शब्द दिल्याप्रमाणे.

खिशातला त्याचा मोबाइल घेऊन त्यांनी मुलाला लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे सर्वांनी ऐकले. पलीकडून कोयत्यांचा आणि माणसांचा गलका, आणि त्यातून धापा टाकणारा आवाज:

“हां बाबा, काय झालं? गोळी घेतली का?”

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, “मेडिकलवाला बोलायलोय. घेतली तुझ्या बापानं गोळी. रोज घेतली. उपाशीपोटी घेतली. भाकरी खाल्ली का, हे येकदा तरी विचारलं का बे त्याला?”

पलीकडे गलका चालूच होता. त्यातून मुलगा म्हणाला, “काका, मी रोज फोन करत होतो.”

“व्हय. माहिती हाय. आता तो जिता हाय. नीट ऐक.” आणि त्यांनी त्याला लक्षणे सांगितली, आवाज न चढवता, पाचही, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतली. कोयते थांबल्यासारखे वाटले. एका फडातून माणूस ‘घाम, थरथर, भूक’ म्हणत होता आणि इकडे ओट्यावर पत्तेवाले ओठ हलवत होते.

एवढ्यावर भागणार नव्हते. त्या गोळीचा अंमल साखरेच्या पाण्याने संपत नाही, साखर पुन्हा उतरू शकते, असे सांगून त्यांनी जीप बोलावली आणि म्हाताऱ्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे दोन दिवस ठेवून घेतले, रक्त तपासले, मूत्रपिंडे थकल्याचे आढळले आणि गोळी बदलली. त्याआधी, जीप निघण्यापूर्वी, म्हाताऱ्याची भाकरी यापुढे कोण थापणार, हा प्रश्न त्यांनी ओट्यावरच काढला. बायका कामावर गेलेल्या, पत्तेवाले खाली पडलेली पाने गोळा करू लागले. शेवटी ‘पडू द्या, उतरंल’ म्हणणारा जो होता, तोच पुढे आला. पाठ गेल्यामुळे यंदा टोळीबरोबर गेला नव्हता.

“मी थापतो. फडावर बारा वर्षं थापल्यात. बायकोपरीस पातळ येती माझी.”

“दोन वेळा,” ते म्हणाले.

“दोन वेळा. पर हे गावात सांगू नका.”

वहीत ते नाव चढले.

मग चौकशीची तारीख लागली. मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्वखर्चाने गेलो आणि तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज सादर केला. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि शांतपणे सांगितले की, तक्रार मागे घेतली तरी पंचनामा मागे घेता येत नाही. विकलेला माल दुकानात सापडलेला आहे. हे कायद्याने बरोबर होते. मी तरीही बोललो. फार्मासिस्टने रुग्णाला औषध समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य असल्याचे विनियमांत लिहिलेले आहे. ते मी अर्ज लिहिण्यापूर्वी वाचायला हवे होते, नंतर वाचले होते. प्रत काढून नेली होती, खुणा केल्या होत्या. माझा आवाज चढला होता, असे मला बाहेर आल्यावर सांगण्यात आले.

“समुपदेशन अवश्य करा,” अधिकारी म्हणाले. “कोणी अडवले आहे? माल ठेवून घेऊ नका.” मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दुकानदारांकडे वळून विचारले, “तुम्ही लिफाफे ठेवून घेतले होते, हे मान्य आहे?”

“हो.”

“का?”

“गोळ्या घरी गेल्या की माणूस येत न्हाई.”

“अधिकार होता?”

“न्हाई.”

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. उत्तर अनेक प्रकारे देता आले असते. मी चार प्रकार लिहून दिले होते. त्यांनी एकही वापरला नाही. परवाना अकरा दिवसांसाठी निलंबित झाला.

पहिल्या दिवशी शटर बंद, त्यावर आदेशाची प्रत चिकटवलेली. आणि शटरखालच्या पायरीवर ते बसलेले, अ‍ॅप्रनशिवाय, मांडीवर वही. गावात औषधाचे दुसरे दुकान बसस्टँडसमोर होते. म्हातारी माणसे तिकडून गोळ्या विकत घेत आणि पाकीट हातात धरून बाजारपेठेतून चालत इकडे येत. ते पाकिटाला हात लावीत नसत. म्हातारा पाकीट डोळ्यांसमोर धरी, ते वाचीत, आणि विचारायला सुरुवात करीत. दोन-तीन दिवसांत पायरीसमोर रांग लागू लागली. त्यात तो पातळ भाकरी थापणाराही एकदा येऊन गेला. गावात सांगू नका म्हणणारा हा माणूस रांगेतल्या बायकांना पीठ कसे मळावे हे सांगत होता.

पाचव्या दिवशी दुसरा दुकानदार माझ्याकडे आला. तरुण, नीटनेटका, व्यवहाराला चोख.

“भाऊसाहेब, एक अर्ज पाहिजे. निलंबन चालू असताना बंद दुकानासमोर कारभार चाललाय. माझ्याकडं माल घेतलेले लोक तिथं जाऊन, गोळी चुकीची दिली का म्हणून इचारतात. बदनामी हाय माझी.”

“ते विकतात काही?”

“न्हाई.”

“औषधाला हात लावतात?”

“न्हाई.”

“गोळी बदला, कमी करा, असे सांगतात?”

“न्हाई. डॉक्टरला इचारा म्हणतात.”

“मग करतात काय?”

“जेवलात का, म्हणून इचारतात.”

मी आदेशाची प्रत घेतली, चष्मा लावला आणि त्याच्यासमोर शब्दशः वाचली. खरेदी, विक्री, साठा, विक्रीसाठी मांडणी, एवढ्या चार गोष्टींना मनाई होती. प्रत मी त्याच्यासमोर ठेवली.

“कलम सापडत नाही,” मी म्हणालो.

“तुमाला?” त्याने अविश्वासाने विचारले. “तुमाला कलम सापडत न्हाई असं कधी होतं व्हय, भाऊसाहेब?”

मी त्याला चहा दिला आणि निरोप दिला. जे सांगितले नाही ते इतकेच, की त्या कलमाचा शोध मी आदेश निघाला त्या दिवसापासून घेत होतो. घरातली सर्व पुस्तके, नियम, दुरुस्त्या मी दोन दिवस चाळल्या होत्या. असे कलम अस्तित्वात नाही याची पूर्ण खात्री झाल्यावरच, तिसऱ्या दिवशी सकाळी, मी बाजारपेठेत गेलो होतो आणि पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो होतो.